मंडळी थांबली तो गुरुवार

ते साल एकोणीसशे एकसष्ट. नदीवर नवा पूल बांधायचं काम त्या वर्षी जोरात चाललं होतं, आणि सिमेंटच्या धुळीने साऱ्या वस्तीचे कपडे राखाडी झाले होते. त्यामुळे लॉन्ड्रीला श्वास घ्यायला उसंत नव्हती.

लॉन्ड्री दोघा भावांची. पुढे दुकान, मागे घर, मधल्या अंगणात दगडी हौद आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या दोऱ्या. कपडे आणणं, पोचवणं आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाणं हे भावांचं काम. बाकीचं सगळं दोघी जावांवर. थोरली धुवायची, खळ द्यायची, वाळवायची. धाकटी इस्त्री करायची. कोळशाची जडच्या जड इस्त्री ती अशी फिरवायची की पाहणाऱ्याला वाटावं, कापड आपणहून सरळ होतंय.

दोघींमध्ये सहा वर्षं विस्तव जात नव्हता, आणि धंदा तर विस्तवाचाच.

बोलल्याशिवाय काम कसं व्हायचं? तर थोरली हौदाकडे तोंड करून म्हणायची, "डॉक्टरांचे कोट आजच हवेत म्हणे." आणि धाकटी निखाऱ्यांवर फुंकर घालत इस्त्रीलाच सांगायची, "कोट अजून ओले आहेत गं बाई. तू नि मी काय जादू करणार?" दुकानात उभी असलेली गिऱ्हाइकं मिशीतल्या मिशीत हसायची. वस्तीत म्हणच पडली होती, की या घरात माणसं मुकी आणि भांडी बोलकी.

आणखी एक गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांवर यायची. धाकटी सगळ्या वस्तीचे कपडे इस्त्री करायची, पण थोरलीचे नाही. थोरलीनेही कधी इस्त्रीला हात लावला नाही. इस्त्रीच्या घरातली बाई सहा वर्षं चुरगळलेल्या कपड्यांत चर्चमध्ये उपासनेला जात होती, आणि त्याचा दोघींनाही अभिमान होता.

कारण सांगायला गेलं तर एवढंसं. सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. दोघींनी मिळून त्यांचं केलं. एकीने उचलायचं, दुसरीने पाठ पुसायची. एकीने भरवायचं, दुसरीने रागावणं ऐकून घ्यायचं, कारण सासूबाईंचा राग शेवटपर्यंत धडधाकट होता. त्या गेल्या त्या रात्री धाकटी झोपली होती आणि थोरलीने तिला उठवलं नाही. मग पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी, म्हणजे तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी, चर्चच्या सगळ्या मंडळीसमोर थोरलीला उभं केलं आणि सासूच्या सेवेबद्दल तिचे आभार मानले. एकटीचे. थोरली मान खाली घालून उभी राहिली, आणि खाली बसली. तोंडातून चकार शब्द काढला नाही.

शेजारच्या जागेवर धाकटी बसली होती. तिला एकच वाक्य हवं होतं. "हिनेही केलं," एवढंच. ते वाक्य त्या रविवारी आलं नाही, सोमवारी आलं नाही, आणि मग तिने ऐकायचंच बंद केलं.

इतर कुठल्या घरात हे असंच मुरून गेलं असतं. पण त्यांच्या मंडळीची एक रीत होती.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी, प्रभूने पकडलं जाण्याआधी शिष्यांबरोबर शेवटचं भोजन केलं त्या आठवणीत, तिथे प्रभुभोजनाचा विधी व्हायचा. सगळीकडे होतो तसाच. मेजावर पांढरं कापड, एक अखंड भाकर, एक प्याला. पण भाकर मोडण्याआधी एक प्रश्न बाकांवरून फिरायचा. प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्या माणसाला विचारायचं, "माझ्याविषयी तुझ्या मनात काही आहे का?" समोरच्याने म्हणायचं, "काही नाही." मग त्याने पुढच्याला विचारायचं. आणि कुणी "आहे" म्हणालं, तर त्या दोघांनी उठून बाजूच्या खोलीत जायचं, जिथे झाडू, मेणबत्त्या आणि पाय मोडलेल्या खुर्च्या ठेवत. ते दोघं परत येईपर्यंत भाकर मोडायची नाही. पाळक थांबणार, मेज थांबणार, सगळी मंडळी बसल्या जागी गाणी म्हणत थांबणार. दोन माणसांसाठी. मग भाकर फिरायची, तीही कुणी आपल्या हाताने घ्यायची नाही. तुकडा मोडायचा तो शेजाऱ्यासाठी.

बाकांवर घराण्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. थोरलीच्या उजवीकडे धाकटी. आणि त्या गुरुवारचा प्रश्न ज्याने चुकवला, त्याने वर्षभर मेजाशी यायचं नाही, हाही नियमच होता.

धाकटीने सहा वर्षं तो गुरुवार चुकवला. "काही नाही" म्हणणं तिच्याने होणार नव्हतं, कारण ते खोटं होतं. आणि "आहे" म्हणायला लागणारी छाती तिच्याकडे नव्हती. त्या संध्याकाळी घर रिकामं व्हायचं, ती अंगणात बसून निखारे विझताना पाहायची. सहा वर्षं तिच्या तोंडी ती भाकर गेली नव्हती. लोकांना वाटायचं ही हट्टी आहे. हट्टी होतीच, पण उपाशीही होती.

त्या वर्षी मात्र गोष्ट निराळी होती. थोरल्या भावाने दूरच्या शहरात एका हॉस्पिटलचं धुण्याचं काम घेतलं होतं. ईस्टरनंतरच्या सोमवारी ती दोघं बिऱ्हाड हलवणार होती. हा गुरुवार चुकला, की दोघींचं मेज कायमचं वेगळं.

मंगळवारी पाळकसाहेब स्वतः आपला पांढरा झगा घेऊन दुकानात आले. हे नवे पाळक. नवे म्हणजे तीन वर्षांपूर्वी आलेले. मोठ्या शहरातल्या मोठ्या चर्चमधून त्यांना या आडबाजूला का पाठवलं, याबद्दल वस्तीत पाच-सहा हकिगती होत्या, आणि प्रत्येकीत बिशपसाहेबांचं नाव होतं.

"झगा नीट करा," ते म्हणाले. "गुरुवारी बिशपसाहेब स्वतः येताहेत. प्रवचन तेच करणार. 'प्रभुभोजनाचा अर्थ' असा विषय आहे."

"मग बाही दोनदा करते," धाकटी म्हणाली. "हात वर केला की तीच दिसते."

पाळकसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. थोरली हौदापाशी पाठमोरी होती. "दुसरंही एक होतं. मी सगळ्या घरांना सांगत फिरतोय. या वर्षी कुणी उठू नका. गेल्या वर्षीचं आठवतं ना?"

गेल्या वर्षी बेकरीवाला आणि त्याचा व्याही एका कोंबड्यावरून आत गेले होते. गाऊन गाऊन मंडळीचा घसा बसला, मेणबत्त्या बदलाव्या लागल्या, आणि ते दोघं बाहेर आले तेव्हा कोंबडा मेल्याला महिना झाला होता हे कळलं.

"बिशपसाहेबांना नऊच्या गाडीने परत जायचंय," पाळकसाहेब म्हणाले. "तर 'काही नाही' म्हणून टाकायचं. मनातलं नंतर, सवडीने बघता येईल."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"खोटं कसं? तुम्ही पण ना!" त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "खोटं नव्हे. संक्षेप."

धाकटीने इस्त्री उचलून तिच्या बुडाकडे पाहिलं. "साहेब, हिला म्हटलं संक्षेपात फिर, तर चुणी राहते."

पाळकसाहेब गेले. हौदापाशी बराच वेळ कपडा आपटल्याचा आवाज आला नाही. मग थोरली हौदाला म्हणाली, "यंदा कोणी यायचं असेल तर येऊ दे बापडं. जागा रिकामी आहे." आणि पुन्हा धुवायला लागली.

गुरुवारी संध्याकाळी धाकटी केस विंचरून दारात उभी राहिली, तेव्हा तिचा नवरा चपला घालता घालता थांबला.

"तू येतेस?"

"येते."

"आणि काय म्हणशील?"

"विचारलं तर सांगेन."

"हे बघ," तो म्हणाला, "बिशप आलाय, दादा-वहिनी चाललेत. दोन शब्दांचं काम आहे. तुझं काय जातं?"

"ते दोन शब्द म्हणायचे असते तर सहा वर्षांपूर्वीच म्हटले असते. सहा वर्षं काय मी गंमत म्हणून घरी बसले?"

त्याने दुसरी चप्पल पायात सरकवली. वाटेभर मात्र तो कडेकडेने चालला, वादळ यायच्या आधी माणूस भिंतीच्या आडोशाने चालतो तसा.

चर्च भरलं होतं. पुलावरचे कामगारही मागे उभे होते. बिशपसाहेब पुढच्या खुर्चीत, उंच, गोरेगोमटे, मांडीवर प्रवचनाचे कागद. धाकटी आपल्या बाकापाशी आली, तशी थोरली गुडघे आत घेऊन तिला वाट करून देत बसली. सहा वर्षांनी त्या बाकावरची ती जागा भरली. मागच्या रांगेत कुजबुज झाली आणि कुणीतरी "श्श" केलं.

शास्त्रवाचन झालं. प्रश्न पहिल्या बाकावरून निघाला. काही नाही, काही नाही, काही नाही. पाळकसाहेबांचा चेहरा एकेका बाकागणिक उजळत होता. बेकरीवाल्याच्या व्याह्याने "काही नाही" म्हणताना जरा वेळ घेतला, तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि मग उघडले. प्रश्न लॉन्ड्रीच्या बाकावर आला. थोरल्याने बायकोला विचारलं, थोरली म्हणाली, "काही नाही." मग ती उजवीकडे वळली.

सहा वर्षांत ती पहिल्यांदाच हौदाकडे न बघता बोलत होती. "माझ्याविषयी तुझ्या मनात काही आहे का गं?"

पाळकसाहेब मेजापासून मान हलवत होते, नको, नको. धाकटीच्या नवऱ्याने समोरच्या बाकाची कड घट्ट धरली. धाकटीने थोरलीकडे पाहिलं. चुरगळलेला पदर, खळीने भेगाळलेली बोटं, आणि कपाळावरची एक नवी आठी, जी केव्हा पडली हे शेजारी राहूनही तिला कळलं नव्हतं.

"आहे," ती म्हणाली.

"मेलो," तिचा नवरा पुटपुटला, आणि ते तीन बाकांपर्यंत ऐकू गेलं.

दोघी उठल्या. ऑर्गनवाल्या बाईंनी, ज्यांना या मंडळीची नाडी ठाऊक होती, पाळकांच्या खुणेची वाट न बघता गाणं सुरू केलं.

बाजूच्या खोलीत आल्यावर धाकटीने दार लावलं. थोरली एका मोडक्या खुर्चीवर बसायला गेली, खुर्ची कलली, धाकटीने तिला दंडाला धरून सावरलं आणि लगेच हात काढून घेतला.

"बोल," थोरली म्हणाली.

"तू मला उठवलं नाहीस."

"तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता तुझ्या. उभ्या उभ्या झोपत होतीस. म्हटलं, पडू दे घटकाभर. त्या एवढ्या लवकर जातील हे मला काय देवदूत येऊन सांगून गेला होता?"

"हाक तरी मारायचीस."

"मारायला हवी होती. सुचलं नाही. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो सोडवेना." थोरलीने नाक ओढलं. "एकटीच होते मी तिथे. तुला काय वाटतं, मला मजा वाटत होती?"

धाकटी जरा नरमली. पण जे खरं सलत होतं ते अजून आत होतं, आणि ते काढायला तिला दाराकडे तोंड करावं लागलं. "आणि त्या रविवारी? ते सोड म्हटलंस तरी नाही सोडणार मी. उभी राहिलीस आणि खाली बसलीस. दोन वर्षं मी काय केलं मग? भिंतीवर पाल होते मी?"

बाहेर गाणं संपलं. तेवढ्यात हे "पाल होते मी" सबंध चर्चला ऐकू गेलं. ऑर्गनवाल्या बाईंनी घाईघाईने दुसरं गाणं धरलं, आधीच्यापेक्षा मोठ्याने.

थोरलीकडे कारणं होती. सहा वर्षांत तिने बरीच जमवली होती. मी दुःखात होते, मला ऐकू आलं नाही, पाळकांना मी काय सांगायचं. त्यातलं एकही ती म्हणाली नाही.

"बरं वाटलं मला," ती म्हणाली.

"काय?"

"बरं वाटलं. जन्मात कधी कुणी मला चारचौघांत उभं करून चांगलं म्हटलं नव्हतं. घाणेरड्या कपड्यांत हात घालणारी मी. म्हटलं, राहू दे एक दिवस, एकच दिवस, माझं एकटीचं. उद्या सांगेन सगळ्यांना. आणि दुसऱ्या दिवशी उठले तर तू तोंड फिरवून बसलीस. मग माझाही पारा चढला. म्हटलं, एवढा राग आहे तर राहू दे की कायमचंच." तिने हातांकडे पाहिलं. "चोरीच होती ती. मला तेव्हाही माहीत होतं."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. सहा वर्षं तिने मनात एक थोरली उभी केली होती, गर्विष्ठ, ताठ, तिला पाण्यात पाहणारी. ही बाई तर एका दिवसाच्या कौतुकाला भुकेली होती. आणि त्या भुकेची भाषा धाकटीला चांगलीच कळत होती.

"एक दिवस मागितला असतास तर दिला असता गं, ताई," ती म्हणाली.

सहा वर्षांनी 'ताई' ऐकल्यावर थोरलीचा बांध फुटला. धाकटीने तिला जवळ घेतलं, आणि घेता घेता तिच्या पाठीवरच्या चुण्या हाताला लागल्या.

"मीही काही कमी नव्हते," धाकटी तिच्या खांद्यात म्हणाली. "तुला साऱ्या वस्तीतून असं फिरवलं."

"मुद्दाम जास्त चुरगळून घालायचे मी. तुझी लाज निघावी म्हणून."

"माहीत होतं मला."

मग दोघींना हसू आलं. रडता रडता आलेलं ते हसू बाहेर ऐकू गेलं, आणि मागे उभ्या असलेल्या पुलावरच्या कामगारांनी, ज्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, गाण्याचा सूर उगाचच वर नेला.

दार उघडलं तेव्हा मंडळी उभी राहिली. असं उठायची रीत नव्हती. आपसूकच उठले सगळे. रीत होती ती परत आलेल्यांनी "झालं" म्हणून जागेवर बसायची. धाकटी बसायला वळली, पण थोरली मधेच थांबली.

"थांबलात म्हणून एक सांगते," ती मंडळीला म्हणाली. "सासूबाई गेल्या तेव्हा म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी माझे आभार मानले होते. मी घेतले. त्यातले निम्मे हिचे होते. जास्तच असतील."

"निम्मे पुरेत," धाकटी तिची बाही ओढत म्हणाली. "बस आता."

हशा पिकला, असा की वरच्या खिडक्यांच्या काचा वाजल्या. बेकरीवाला डोळे पुसत होता. धाकटीचा नवरा भावाच्या पाठीवर थापा मारत होता. उरलेल्या बाकांवरून प्रश्न झरझर फिरला. पाळकसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. नऊची गाडी अजून सुटली नव्हती, पण आता चुकणारच होती. त्यांनी घाईने भाकरीवरचं कापड काढायला हात पुढे केला.

तेव्हा बिशपसाहेब खुर्चीतून उठले. वाटलं, आता प्रवचन. पण त्यांनी कागद खुर्चीवर ठेवले, मेजापाशी गेले, आणि पाळकसाहेबांच्या डाव्या हाताला उभे राहिले.

"माझं विचारायचं राहिलं," ते म्हणाले. "माझ्याविषयी तुमच्या मनात काही आहे का?"

गेले तीन दिवस घरोघरी संक्षेप वाटत फिरलेला तो माणूस, पांढऱ्या झग्यात, दोनदा इस्त्री केलेल्या बाह्यांत उभा होता. त्याचे ओठ हलले. 'काही' असा आकार झाला. मग त्याने लॉन्ड्रीच्या बाकाकडे पाहिलं, जिथे दोघी बायका लाल नाकांनी एकमेकींना खेटून बसल्या होत्या.

"आहे, साहेब," तो म्हणाला. "खूप आहे."

"मग चला," बिशपसाहेब म्हणाले, आणि पुढे होऊन झाडूच्या खोलीचं दार त्यांनीच उघडलं.

आत काय बोलणं झालं ते कधीच कुणाला कळलं नाही, कारण बाहेर मंडळी कधी गायली नव्हती तशी गात होती. आता गाणं वेळ काढायला नव्हतं. ज्यांनी मघाशी "काही नाही" म्हणून टाकलं होतं, त्यांतले कितीतरी जण बाकांवर आपापल्या शेजाऱ्याकडे वळत होते. बेकरीवाल्याचा व्याही हळूच म्हणाला, "खरं सांगू? कोंबडा सोडून दुसरंही एक होतं." रस्त्यावरून जाणारे लोक दारापाशी थबकले, काही आत आले. बसायला जागा उरली नाही. मेजाकडे जाणाऱ्या ज्या पायऱ्यांवर कधी कुणी बसत नसे, तिथे लोक बसले.

दोघे बाहेर आले, तेव्हा पाळकसाहेबांच्या झग्याच्या एका बाहीचा पार चोळामोळा झाला होता आणि बिशपसाहेबांचा चष्मा हातात होता. गाडी केव्हाच गेली होती.

"अर्थ सांगायचा होता खरा," बिशपसाहेब मंडळीला म्हणाले. "पण भूक लागलीय मला. तुम्हालाही लागली असेल." आणि भाकर उचलून त्यांनी पाळकांपुढे धरली.

भाकर हातोहात आली. थोरलीने तुकडा मोडला. कपडे पिळणारे हात ते, तुकडा चांगला मूठभर निघाला. तिने तो धाकटीच्या तळहातावर ठेवला आणि ठरलेले शब्द म्हणाली, "हे तुझ्यासाठी मोडलं."

धाकटीने तो तोंडात घातला. घास एवढा मोठा होता, की तिला पुढच्याला काही म्हणताच येईना. सबंध बाक तिचं चावून होईपर्यंत थांबला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती सावकाश, कुणाचीही घाई न मानता चावत होती. सहा वर्षांची भूक होती ती. प्रभूने त्या संध्याकाळी आपल्या माणसांना मेजाशी का बसवलं, आणि त्यांतल्या कुणालाही उठून जा का म्हटलं नाही, याचा विचार तिने आयुष्यात पुष्कळदा केला होता. त्या वेळी मात्र तिने काहीच विचार केला नाही. तिने गिळलं, उरलेली भाकर घेतली, आणि नवऱ्यासाठी तुकडा मोडला.

सोमवारी थोरला आणि थोरली गेली. त्यांचं हॉस्पिटलचं काम चांगलं चाललं. थोरली दर वर्षी त्या गुरुवारी बसने यायची आणि आपल्या जागी बसायची. एका वर्षी धाकटीने पुन्हा "आहे" म्हटलं आणि दोघी आत गेल्या, पण त्या वेळी लगेच परत आल्या. थोरली सत्तरी गाठायच्या आतच वारली. थोरला तिच्यामागे पुष्कळ वर्षं जगला, आणि शेवटपर्यंत स्वतःचे कपडे स्वतः धुवायचा.

पाळकसाहेबांना दोन वर्षांनी मोठ्या शहरात परत बोलावणं आलं. ते गेले नाहीत. त्याच चर्चमागे त्यांना पुरलं. बिशपसाहेब निवृत्त झाल्यावर तीनदा त्या गुरुवारी आले आणि मागे, कामगारांच्या जागी बसले. ऑर्गनवाल्या बाईंना पुढे कमी ऐकू यायला लागलं, तरी कोणत्या क्षणी मोठ्याने वाजवायचं ते त्यांना कळायचं. बेकरीवाला आणि त्याचा व्याही एकाच वर्षी गेले, आणि वर कोंबडा कोणाकडे असेल यावर लोक बरेच दिवस हसले. धाकटीच्या नवऱ्याने विजेच्या इस्त्र्या आणल्या, त्या धाकटीला कधी आवडल्या नाहीत.

धाकटीला मंडळीने पुढे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांत घेतलं. त्या मंडळीत ती पहिलीच बाई. गुरुवारी प्याला बाकाबाकांवर नेण्याचं काम तिच्याकडे आलं, आणि ऐंशी ओलांडेपर्यंत तिने ते केलं. प्याला जुना, चांदीचा, चांगलाच जड होता. तरुण पंच तो धरायला पुढे व्हायचे. ती म्हणायची, "राहू दे रे. इस्त्रीपेक्षा हलका आहे."